दयेपोटी दिलेलं मत

माणसानं भरवसा ठेवावा तरी कुणावर, सांगा बघू? शेजाऱ्यावर? भावकीवर? माझ्यावर तर ठेवूच नका! का म्हणाल, तर ऐका. पण चहा आधी संपवा. ऐकल्यावर माझ्या हातचा घ्याल की नाही, शंकाच आहे.

सोलापुरात माझं भांड्यांचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की मुंबईच्या कौन्सिलात कोण काय बोललं, यावर मी तासन्‌तास बोलणार. आणि म्युनिसिपालटीची निवडणूक? छे! ती काय, गल्लीतली भातुकली!

आता आमच्या गल्लीचा जीव त्या भातुकलीतच अडकलेला, हे कुणी सांगावं मला? गल्लीत नळ नव्हता. बायकांना उन्हातान्हात लांबच्या विहिरीवर जावं लागे. माझे दोस्त मल्लप्पाअण्णा, धान्याचे व्यापारी, ‘नळ आणतोच’ म्हणून उभे राहिले. समोर लाकडाच्या वखारीचे बापूराव, दर खेपेला पडणारे.

मतदानाच्या सकाळी बापूराव दुकानात आले, अगदी रडवेले.

“शेटजी, मी काय निवडून येत न्हाई. पर नावापुढं भोपळा आला, तर सासुरवाडीला तोंड कुटं दाखवू? एकच मत द्या की!”

मी विरघळलो. अण्णा तर येणारच; एका मतानं काय बिघडतं? दिली फुली मारून बापूरावांना!

संध्याकाळी शाळेत मोजणी. साहेब एकेक चिठ्ठी उलगडून नाव वाचू लागले. अण्णांनी माझा हात घट्ट धरलेला. “तुमी हाय म्हणून मला काळजी न्हाय,” म्हणाले.

बापूरावांना एक मत. बरं झालं, लाज राहिली! मग दुसरं. तिसरं. मग धडाधड! अण्णांच्या तळव्याला घाम, माझ्या कपाळाला. बाजूला बघतो, तर पेठेतले निम्मे व्यापारी आपापल्या वहाणा न्याहाळत उभे! म्हणजे ती सासुरवाडी दुकानोदुकान फिरून आली होती?

अण्णा पडले. चार मतांनी.

“गल्लीतल्याच कुणीतरी दगा दिला, शेट. चला, आपण दोघं हुडकू त्याला.”

आली का पंचाईत! चोराला बरोबर घेऊन चोराचा तपास! जो तो छातीवर हात ठेवून म्हणे, “मी? अण्णांना सोडून?” सगळ्यांत मोठ्यांदा मीच म्हणत होतो.

नळ आला. कुठं? बापूरावांच्या दारात! एके दुपारी अण्णा नि मी तिथून चाललो होतो. रांगेत सगळ्यांत मागं आमची ही, कडेवर घागर. तेवढ्यात ओट्यावरून बापूराव गरजले, “ओ वहिनी, मागं का? पुढं या की! शेटजींनी मत दिलंय मला, मी इसरतोय व्हय?”

अख्खी रांग वळली. हिनं माझ्याकडं पाहिलं. अण्णांनी मात्र पाहिलंच नाही. टोपी सारखी केली आणि पुढं निघून गेले. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो!

घरी आलो. घशाला कोरड. म्हटलं, “जरा पाणी देतेस?”

आतून उत्तर आलं, “ज्यांना मत दिलंत, त्यांच्याकडं मागा.”

म्हणून हात जोडून सांगतो मंडळी, मुंबई-दिल्लीवर हवं तेवढं बोला, पण गल्लीतलं मत कुणाला दिलं आणि कशापायी, याचा हिशेब निदान स्वतःपाशी तरी खरा ठेवा.