चार चाकं आणि हदगावचा परण्या

माझी थोरली बहीण नांदेडला पस्तीस वर्षं बाळंतपणं करत होती. सहासष्टावं लागलं तेव्हा तिनं दवाखाना सुनेच्या हाती दिला आणि दुसऱ्याच दिवशी मला लातूरला फोन केला.

"मी रिटायर झाले," ताई म्हणाली. "गाडी झालेली नाही. तुला हौस आहे ना? ये आणि तिचं काहीतरी कर."

गाडी म्हणजे सायीच्या रंगाची जर्मन सेडान. नव्वदच्या दशकातली, लांब नाकाची. दार लावलं की जाड पुस्तक मिटल्यासारखा आवाज येतो. पाटबंधारे खात्यातल्या एका इंजिनिअरची बदली झाली, तेव्हा ताईनं ती त्यांच्याकडून घेतली होती. दर गुरुवारी नायगावला तिची ओपीडी असायची, तिथं ती याच गाडीनं जायची. स्वतः चालवायची. ड्रायव्हर ठेवा म्हणून घरच्यांनी सांगून पाहिलं, पण तिनं कधी ऐकलं नाही.

मी एका ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. दिवसभर बारावीच्या मुलांपुढं समीकरणं मांडायची आणि जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर गाड्या बघायच्या, हा माझा जुना छंद. माझी स्वतःची गाडी एवढीशी आहे, तिला काय सजवणार? त्यामुळं ताईचा फोन आल्यावर मी त्याच शनिवारी नांदेड गाठलं. खिशात यादी होती. मोठी चकचकीत अलॉय चाकं, पुढं काळी जाळी, डिकीवर स्पॉयलर, धुरकट टेललाइट, जमलंच तर काचांना फिल्म.

चाकांपासून सुरुवात करणं भागच होतं. गाडीची मूळ अलॉय चाकं कधीच गेली होती. एक तडकलं, दोन सडली, एक कुठं गेलं ते ताईलाही आठवत नव्हतं. त्यांच्या जागी साधी लोखंडी चाकं आली होती आणि त्यांवर वेगवेगळ्या नक्षीच्या प्लास्टिकच्या टोप्या. एवढी रुबाबदार गाडी, पण पायात चार घरच्या चपला.

देगलूर नाक्यापाशी आमच्या उस्तादांचं गॅरेज आहे. ही गाडी घेतली तेव्हापासून तेच तिला बघत आलेत. पांढरी दाढी, डोळ्यांवर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. मी त्यांना मोबाइलवर माझी पसंती दाखवली. सतरा इंची, दहा काड्यांची, आरशासारखी चकाकणारी चाकं.

उस्तादांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि परत दिला.

"नक्को सर," ते म्हणाले. "ही गाडी पंधरा इंचावर जन्मली हाय. सतरा टाकलं की टायर पातळ येतंय. आपल्या रस्त्यावर पातळ टायर म्हंजे खड्डा थेट रिमला भेटतंय."

"पण दिसेल कसली, उस्ताद!"

"दिसंल. उभी असंल तवर लई दिसंल."

"मग तुमचं म्हणणं काय?"

"तिचीच जुनी चाकं शोधू. आठ भोकांची. कुठं ना कुठं मिळतील."

मला धीर नव्हता. ताई बाजूला स्टुलावर बसून चहा पीत होती. तिच्याकडं पाहिलं तर म्हणाली, "तुला सांगितलंय ना? तूच ठरव. फक्त ती फिल्म आणि ते शेपूट नको. मी काय कॉलेजकुमारी आहे का?"

अशी यादीतली दोन कलमं जागच्या जागी गेली. काळ्या जाळीचा बेत उस्तादांनी हाणून पाडला. मूळ जाळी क्रोमची होती, ती त्यांनी राखेनं आणि लिंबानं घासून अशी उजळवली की मीच हट्ट सोडला. टेललाइटचं नाव काढायचं धाडस झालं नाही. चाकांवर मात्र मी अडून राहिलो. ती लातूरच्या दुकानातून मागवली आणि पुढच्या महिन्यात उस्तादांनी बसवून दिली. निघताना त्यांनी जुने बोल्ट एका कापडी पिशवीत बांधून डिकीत ठेवले.

"हे कशाला?" मी विचारलं.

"नव्या चाकाचे बोल्ट लांब हायेत, त्यांची बसकण वेगळी. स्टेपनी लोखंडी हाय. तिला हेच लागतील."

गाडी खरंच देखणी दिसत होती. वजिराबादच्या सिग्नलला दोन मोटारसायकलवाल्यांनी वळून पाहिलं. मी ताईला म्हणालो, "चल, लातूरला जाऊ. परवा मीच परत आणून सोडतो." ती लगेच चालवायला बसली.

लोह्यापर्यंत मजेत आलो. वळणावर मागच्या चाकाशी काहीतरी घासल्यासारखा आवाज येत होता, तो मी रेडिओ मोठा करून बुजवला. पुढं अहमदपूर तीन-चार किलोमीटरवर राहिलं असेल. रस्त्याचं काम चालू होतं. डांबर संपून खडी सुरू होते तिथं चांगली वीतभर उंचीची कड होती. ताईनं ब्रेक दाबला, पण धाडकन आवाज झाला आणि गाडी डावीकडं ओढली गेली.

खाली उतरून पाहिलं. पुढचं डावं टायर बसलं होतं आणि आरशासारख्या रिमची कड करंजीसारखी मुडपली होती.

ताई वाकून बघत राहिली आणि मग हसायला लागली. इतकी हसली की तिला बॉनेटला टेकावं लागलं.

"अगं, हसतेस काय?"

"तुझं तोंड बघ आरशात," ती म्हणाली. "बारावीचा निकाल लागल्यावर असंच झालं होतं."

स्टेपनी काढली. नव्या बोल्टांनी ती बसेना. मी कापडी पिशवी सोडली, उस्तादांचे बोल्ट काढले आणि उन्हात घाम पुसत एकेक आवळला. अहमदपूरच्या बसस्टँडसमोरच्या पंक्चरवाल्यानं मुडपलेली रिम पाहून नुसता हात हलवला. लातूरला पोचलो तेव्हा गाडीला तीन चाकं आरशाची आणि एक काळं लोखंडी. सोमवारी कॉलेजच्या आवारात ती उभी होती. मुलांनी चारी बाजूंनी फोटो काढले आणि एका मुलीनं गंभीरपणे विचारलं, "सर, ही नवीन फॅशन आहे का?"

उस्तादांना फोन करायला मला दोन दिवस लागले. "मी बोललो होतो" असं ते म्हणतील याची तयारी करून बसलो होतो. पण त्यांनी तो विषयच काढला नाही.

"सर, जुनी चाकं सापडली," ते म्हणाले. "हदगावच्या एका जिनिंगवाल्याकडं अशीच गाडी होती. तिचा ॲक्सिडेंट झाला, भंगारात गेली. पण तिचे दोन्ही ॲक्सल, चाकांसकट, तिथल्या मंडपवाल्यानं नेले. त्याच्या ट्रॉल्यांना लावलेत."

पुढच्या रविवारी ताई, उस्ताद आणि मी माझ्या एवढ्याशा गाडीत बसून हदगावला गेलो. मंडपवाल्याचं गोदाम बाजारापलीकडं होतं. बांबू, कनाती, राजाराणीच्या खुर्च्या, आणि मागं दोन ट्रॉल्या. एकीवर जनरेटर, दुसरीवर साउंडचे खोके. खाली आमची आठ भोकांची चाकं. कुणीतरी त्यांना सोनेरी रंग फासला होता आणि भोकाभोकांत गुलाल साचून घट्ट झाला होता. उस्ताद जमिनीवर उकिडवे बसले. नखानं रंग खरवडला, रुमाल थुंकीनं ओला करून पुसलं आणि आतली खूण वाचली.

"हीच," ते हळूच म्हणाले.

मंडपवाला पन्नाशीचा, कपाळाला अष्टगंध. त्याला आम्ही हकीकत सांगितली.

"न्हाई देणार, बाई," तो ताईला म्हणाला. "लई शुभ हायेत ती चाकं. ती लावल्यापासून माझं एक लग्न हुकलं न्हाई."

"आम्ही बदल्यात चकचकीत चाकं देतो की," मी म्हणालो आणि फोटो दाखवला. त्यानं फोटो मोठा करून पाहिला. त्याचे डोळे चमकले खरे. नवरदेवाच्या मिरवणुकीपुढं, म्हणजे परण्यापुढं, ही चाकं फिरतील तर हॅलोजनमध्ये कशी लखलखतील, हे त्याला दिसत असणार. उस्तादांनीही सांगितलं की बोल्टाची भोकं तीच आहेत, ट्रॉलीला बसतील. वाकलेली रिम ठोकून सरळ करून देतो, मोटारीला ती चालायची नाही पण माणसाच्या चालीनं जाणाऱ्या ट्रॉलीला काही होणार नाही.

मंडपवाला विचारात पडला. मग ताईकडं वळून म्हणाला, "गाडी कोणती तुमची?"

ताईनं तिच्या फोनमधला फोटो दाखवला.

"वैशाखात माझ्या पोरीचं लग्न हाय," तो म्हणाला. "जावयाचा परण्या ह्या गाडीत निघू द्या. कबूल असंल तर चाकं आत्ताच न्या."

"चालवणार मी," ताई म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही."

"तुमी? हाव, चालतंय की! माझ्या पोरीच्या लग्नात डॉक्टरीणबाई ड्रायव्हर!"

सौदा झाला. पुढचे दोन महिने चाकांवर गेले. उस्तादांनी सोनेरी रंग उतरवला. त्याखाली हिरवा निघाला आणि त्याखाली कधीकाळचा चंदेरी. पॉलिश कागदानं घासून, मूळ रंगाशी जुळवून त्यांनी चाकं रंगवली. पंधरा इंची जाड टायर चढले. मी शनिवारी यायचो, तेव्हा मला घासायला एक चाक देत. सीटचं कव्हर मात्र ताईनं स्वतः निवडलं, चिंचोक्याच्या रंगाचं. मला आधी ते फार गडद वाटलं होतं. सायीच्या रंगाशेजारी पाहिलं तेव्हा कळलं की आमच्या दोघांत नजर तिला आहे.

चाकं बसवून गाडी अंगणात उभी केली तेव्हा तिच्यात काही बदललंय असं वाटतच नव्हतं. ती पहिल्यापासून अशीच होती असं वाटत होतं. उस्ताद दहा पावलं मागं गेले, बघत राहिले आणि फक्त "हौ" म्हणाले.

लग्नाच्या दिवशी आम्ही तिघं हदगावला गेलो. आमच्याकडं लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेतात, तो परण्या. उन्हं थोडी कलल्यावर तो निघाला. पुढं साउंडच्या आणि जनरेटरच्या ट्रॉल्या, आरशाची चाकं गरागरा चमकवत. मग नाचणारी माणसं आणि शेवटी आमची गाडी. स्टिअरिंगवर ताई, मोरपंखी साडी आणि काळा चष्मा. शेजारी जोधपुरी घातलेले उस्ताद. मागं मी आणि मुंडावळ्या बांधलेला नवरदेव. तो एका शाळेत शिक्षक होता, मोठा लाजरा.

शंभर पावलांना पंधरा मिनिटं लागत होती. माणसं नाचायची, थांबायची, गाणं बदला म्हणून भांडायची. मी पुढं वाकून पाहिलं तर तापमानाचा काटा चढत चालला होता. उस्तादांनीही पाहिला होता.

"म्याडम, हीटर लावा," ते म्हणाले.

"काय?"

"हीटर. फुल. इंजिनची गरमी आत खेचंल, न्हाईतर इथंच उकळंल."

ताईनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एसी बंद केला आणि हीटरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. हदगाव, वैशाख, दुपारचे साडेचार. गाडीत भट्टीसारखी हवा भरली. मी काच खाली घेतली, तर बाहेरून तेवढीच गरम हवा आणि वर मूठभर गुलाल आत आला.

नवरदेवाच्या कपाळावरून कुंकू वाहायला लागलं. मग त्यानं अगदी अदबीनं विचारलं, "मॅडम, एसी थोडा वाढवता का?"

"जावईबापू," ताई आरशात बघून म्हणाली, "आज जेवढी गरमी सोसाल तेवढा पुढचा संसार थंड जाईल."

आम्ही सगळेच हसलो. नवरदेवाचा लाजरेपणा तिथंच गेला. त्यानं फेटा काढून मांडीवर ठेवला, मी वारा घ्यायला धरलेला पुठ्ठा माझ्या हातातून घेतला आणि स्वतःला, मला आणि पुढं वाकून उस्तादांनाही वारा घालायला लागला. काटा थांबला. मग हळूहळू खाली सरकला. उस्तादांनी डॅशबोर्डवर हात ठेवून "शाबास" म्हटलं, ते गाडीला की ताईला, कळलं नाही.

मारुतीच्या पाराशी नवरदेव उतरला तेव्हा पाण्यातून काढल्यासारखा ओला होता. करवल्यांनी विचारलं, "काय झालं हो?" तो म्हणाला, "काय न्हाई. लई शाही गाडी हाय." मंडपवाला धावत आला, ताईच्या पाया पडला आणि आम्हाला ओढतच पंगतीला घेऊन गेला. उस्तादांनी आधी बॉनेट उघडून गाडी निवायला ठेवली, पाण्याची पातळी निवल्यावरच बघायची असं मला दोनदा बजावलं आणि मगच ताटावर बसले.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी थर्मोस्टॅट बदलला. बिघाड तिथंच होता. पण त्या परण्याचे फोटो तोवर गावोगाव फिरले होते. ताईला फोन यायला लागले. गाडी मिळेल का, आणि बाई स्वतः चालवतील का? तिनं दोन अटी घातल्या. लग्न थंडीतलं पाहिजे आणि उस्ताद पुढच्या सीटवर बसणार. आतापर्यंत चार लग्नं झाली. ती पैसे घेत नाही, फक्त आमंत्रणपत्रिका मागते आणि ती देवघराच्या कपाटात ठेवते. शेवटचं लग्न नायगावला होतं. माझ्या प्रॅक्टिकलच्या परीक्षा होत्या, मला जाता आलं नाही. संध्याकाळी ताईनं फोटो पाठवला. गाडीच्या बॉनेटवर झेंडूच्या माळा, दोन्ही बाजूंना ती आणि उस्ताद, दोघांच्या हातात बुंदीच्या लाडवाचा एकेक पुडा. खाली लिहिलं होतं, "तुझा लाडू उस्तादांनी खाल्ला."