रिकामी होडी

माधवरावांचा फोन आला तेव्हा मी ड्राइव्हवे शोव्हल करत होते. "शैला गेली गं सकाळी... झोपेतच." एवढंच म्हणाले. फावडं बर्फात तसंच टाकून मी निघाले. त्यांच्या घराकडे वळताना गावाची पाटी लागते. तिच्यावर आमच्या या सरोवराकाठच्या गावाचं मानचिन्ह आहे : निळ्या लाटा, वर पाइनची फांदी आणि मधोमध काळी होडी. होडीत कुणीच नाही. त्या सकाळी मला गाडी बाजूला घेऊन थांबावं लागलं.

शैलाताई आणि त्यांचे यजमान माधवराव मूळचे नागपूरचे. इथल्या शाळेत शैलाताईंनी वर्षानुवर्षं भूगोल शिकवला. आम्ही नवखे असताना विंटर टायर्स कधी लावायचे इथपासून सगळं त्यांनीच सांगितलं. पण बीचवर मात्र त्या आमच्याबरोबर कधी आल्या नाहीत. कारण मला दुसऱ्यांकडूनच कळलं. त्यांचा एकुलता एक मुलगा अमेय, युनिव्हर्सिटीत असताना, होडी घेऊन सरोवरात गेला होता. संध्याकाळी होडी काठाला लागलेली सापडली... अमेय सापडला नाही. त्याबद्दल त्या एक अक्षरही बोलत नसत.

मग दोनेक वर्षांपूर्वी मानचिन्ह बदलायचं ठरू लागलं. टाउन हॉलमधल्या सभेत एक तरुण नगरसेवक म्हणाला, "ही काळी होडी फार उदास वाटते. त्याऐवजी पांढऱ्या शिडाचं जहाज घेऊ." माझ्या शेजारी बसलेल्या शैलाताई उठल्या. त्यांच्या घराशेजारी राहणाऱ्या म्हाताऱ्या पेगनं सांगितलेली हकिकत त्यांनी शांतपणे सांगितली. इथे नुसत्या कोळ्यांच्या झोपड्या होत्या तेव्हा एका वादळानंतर होडी एकटीच परत आली, माणसं आली नाहीत. पुढे गावाचं मानचिन्ह करायची वेळ आली, तेव्हा त्या माणसांच्या बायकांनी हट्टानं ही होडी त्यात घालायला लावली. त्यातली एक पेगची पणजी. मानचिन्हाखालच्या लॅटिन ओळीचा अर्थही तोच : आम्ही वाट पाहतो.

"पण मॅडम, ते फार जुनं झालं," तो हळूच म्हणाला.

"माझ्या मुलाची होडीही अशीच परत आली," शैलाताई म्हणाल्या. "पेगनं मला हे सगळं त्याच आठवड्यात सांगितलं, माझ्या किचनमध्ये बसून. ही होडी तुम्ही काढलीत, तर मी कुठे बघू?"

होडी राहिली. परतताना गाडीत त्या म्हणाल्या, "बोलून हलकं वगैरे नाही वाटलं गं. पण तो इथे राहत होता, हे आता गाव विसरणार नाही..."

गेल्या आठवड्यात माधवरावांकडे डबा घेऊन गेले होते. निघताना पाहिलं, तर सरोवराकडचं मागचं दार नुसतंच लोटलेलं. मी लॉक करायला गेले, तशी त्यांनी मागून हाक मारली.

"राहू दे ते. अमेय किल्ली न घेताच गेला होता ना... ते दार उघडं आहे की नाही, हे शैला रोज झोपायच्या आधी बघायची."

ते दारापाशी आले.

"आता मी बघतो."

मी लॉकवरचा हात काढून घेतला.