अर्ध्यावर अडलेला काटा

पेट्रोलचा काटा अर्ध्यावर होता, आणि तरीही भोकरच्या पुढं गाडीनं दोन-तीन आचके दिले आणि रस्त्याच्या कडेला गप्प उभी राहिली.

गनीभाईंनी चावी फिरवली. स्टार्टर नुसता कण्हत राहिला. मागच्या सीटवर पंकजा सासूच्या, म्हणजे भागूबाईंच्या, मांडीवर डोकं टेकून आडवी झाली होती. कळा सुरू होऊन बराच वेळ झाला होता. आता ती बोलतही नव्हती, नुसती ओठ चावत होती. टाकळीभानमध्ये कुणाला श्रीरामपूरच्या दवाखान्यात न्यायचं असलं की पहिला फोन गनीभाईंना जायचा. त्यांची पांढरी गाडी जुनी होती, पण आजवर तिनं कुणाला वाटेत सोडलं नव्हतं.

"काय झालं, गनीभाई?" भागूबाईंनी विचारलं.

"बघतो. तुमी तिला धरून ऱ्हावा."

त्यांनी बॉनेट उघडलं. सगळं जागच्या जागी. मग त्यांच्या मनात पाल चुकचुकली. मागं जाऊन त्यांनी टाकीचं झाकण काढलं, दोन्ही हातांनी गाडी गदागदा हलवली आणि कान लावला. आत पेट्रोल डचमळल्याचा आवाजच नाही. टाकी खडखडीत कोरडी होती, आणि पुढं काटा खुशाल अर्धी टाकी दाखवत होता.

ऊसतोडणीचे दिवस. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या तेवढ्या डुलत चालल्या होत्या. गनीभाई रस्त्याच्या मधोमध जाऊन हात पसरून उभे राहिले, तेव्हा कांद्याच्या गोण्या भरलेला एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरनं एक नजर पंकजाकडं टाकली आणि काही न विचारता केबिनचं दार उघडलं. दोघींना घेऊन टेम्पो दिसेनासा झाला तरी गनीभाई तिथंच उभे होते. मग मोरीच्या कठड्यावर जाऊन बसले.

ऊन उतरल्यावर भागूबाईंचा फोन आला. दवाखान्यात पोचल्या पोचल्या पंकजाला मुलगी झाली. दोघी सुखरूप. "अल्लाची मेहरबानी," ते म्हणाले. कुणीतरी आणून दिलेलं बाटलीभर पेट्रोल ओतून त्यांनी गाडी घरी आणली, अंगणात लावली आणि चावी खुंटीला अडकवताना म्हणाले, "उद्या गिऱ्हाईक बघतो. ही गाडी आता आपल्याला नको."

त्यांची बायको रोशनबी मशीनवर ब्लाऊज शिवत होती. तिनं पाय थांबवला. सगळी हकीगत ऐकून घेतली. मग दोरा तोडला आणि म्हणाली, "गाडीनं काय केलं? पेट्रोल नसल्यावर कुठली गाडी चालती? खोटं बोलला तो काटा."

"काटा काय न् गाडी काय, एकच."

"एकच कसं?" ती म्हणाली, आणि पुन्हा मशीन सुरू झालं.

रोशनबी श्रीरामपूरची. तिचे वडील बाजारपेठेत शिलाई मशीन दुरुस्त करायचे. सातवीनंतर शाळा सुटली तेव्हा ती दुकानात त्यांच्या शेजारी बसायला लागली, लग्न होईपर्यंत. टाकळीभानला आल्यावर ती कपडे शिवू लागली. मग शेजारणींची मशीनंही तिच्याकडं येऊ लागली. कुणाचा दोरा तुटतोय, कुणाचा टाका सुटतोय. एकदा जेवता जेवता तिचा घास हातातच राहिला. बाहेर कान देऊन म्हणाली, झुंबरबाईच्या मशीनचा पट्टा ढिला झालाय. झुंबरबाईचं घर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. गनीभाई तेव्हा हसले होते. त्यांच्या लेखी ती बायकांची आपापसातली कामं. गाडी म्हणजे वेगळी गोष्ट. गाडी गॅरेजात जाते.

आणि गाडी गॅरेजातही जाऊन आली होती. उन्हाळ्यात टाकीत कचरा झाला म्हणून टाकी साफ करून घेतली होती. काट्याचं हे लचांड लागलं ते तेव्हापासून. गनीभाई अंदाजानं चालवायचे. कुठं किती फिरलो हे त्यांच्या डोक्यात पक्कं असायचं. पण आदल्या दिवशी चाकणहून सुट्टीवर आलेला त्यांचा मुलगा काशिफ गाडीत दोस्तांना घेऊन शनिशिंगणापूरला जाऊन आला आणि सकाळच्या एसटीनं परत गेला. बापाचा अंदाज तिथं चुकला.

सकाळी चहा झाल्यावर रोशनबी पदर खोचून अंगणात आली आणि गाडीकडं बघत उभी राहिली.

"टाकी भरली की काटा कुठवर जातो?" तिनं विचारलं.

"पार वर."

"मग उतरतो का?"

"उतरतो की. अर्ध्यापर्यंत बरोबर उतरतो. मग तिथंच मुक्काम."

"कधीच खाली येत न्हाई?"

गनीभाईंनी आठवून पाहिलं. "एखाद्या बारीला येतो. मोठ्या खड्ड्यात आदळली की एकदम खाली पडतो. पन परत पेट्रोल टाकलं की पुन्हा तेच."

 रोशनबीचा अंगठा तर्जनीवर हळूहळू फिरत होता, जसा बंद मशीनसमोर बसली की फिरायचा. मग म्हणाली, "म्हंजे वर जाताना अडत न्हाई, खाली येताना अडतो. आन् हिसका बसला की सुटतो. मोडलेली वस्तू अशी वागत न्हाई. कुठंतरी घासतंय."

"कुठं?"

"ते अजून म्हाईत न्हाई. दोरा तुटला की बाबा म्हनायचे, आधी सुई बघ, मग दोरा, मग बॉबिन. सगळं एकदम उचकायचं न्हाई. एका वेळी एकालाच विचारायचं."

तिनं काशिफला फोन लावला. पोरगा आयटीआयला वायरमन झालेला. "अम्मी, तू हात लावू नको, मिस्त्रीला बोलव," तो आधी म्हणाला. पण आईचा स्वभाव त्याला ठाऊक होता. मग त्यानं सांगितलं, की मागच्या सीटखाली एक पत्रा आहे, त्याखाली टाकीचं गोल झाकण, त्यावर काट्याची वायर. ती वायर काढली की काटा पार खाली यायला हवा. तिचं टोक गाडीच्या उघड्या पत्र्याला टेकवलं की पार वर जायला हवा. तसं झालं तर काटा आणि वायर दोन्ही ठीक. आणि टाकी उघडायच्या आधी बॅटरीची तार काढ, चूल विझव, हे त्यानं पुन्हा पुन्हा बजावलं.

मागची सीट निघाली. पत्र्याखाली धुळीनं माखलेली, बशीएवढी चकती होती. रोशनबीनं ती फुंकून, पुसून लख्ख केली. मग गनीभाईंना पुढं बसवलं, चावी फिरवायला लावली.

"आता काय दाखवतोय?"

"अर्धी."

तिनं वायर काढली. काटा थोडा वेळ तसाच होता. मग झोपेतून उठल्यासारखा सावकाश खाली सरकू लागला. गनीभाई स्टिअरिंगवर वाकले. एवढे महिने ज्या काट्याला त्यांनी शिव्या घातल्या होत्या, काचेवर टिचक्या मारल्या होत्या, तो गुमान खाली जाऊन बसला.

"खाली गेला," ते म्हणाले. आवाज आपोआप हळू झाला होता.

"आता बघा."

तिनं वायरचं टोक पत्र्याला लावलं. काटा निघाला. अर्ध्यावर आला, अर्धं ओलांडलं आणि न अडखळता पार वर टेकला. गनीभाईंनी मागं वळून पाहिलं. त्यांची बायको गुडघ्यावर बसली होती, चिमटीत एक वायर, आणि ती त्यांच्याकडं बघतही नव्हती. तिथं बसून ती इथला काटा हलवत होती. त्यांनी उभा जन्म गाडी चालवली होती. पण काट्याला कोण सांगतं, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"काटा खरा हाय," रोशनबी म्हणाली. "त्याला खालून जे सांगतात तेच तो बोलतो. बॅटरीची तार काढा आता. मोबाईल घरात ठेवून या."

चुलीवर तिनं आधीच पाणी मारलं होतं. गाडीची सगळी दारं उघडी. चकतीचे स्क्रू गंजले होते. ती मशीनचं तेल एकेका स्क्रूला पाजत बसली. गनीभाईंना धीर निघेना, पण ती घाई करीना. एकेक स्क्रू सुटला तसा तिनं क्रमानं ताटलीत मांडला. मग चकती थोडी तिरकी करून, कापडाच्या घडीतून टाचणी काढावी तशी अलगद वर ओढली. पेट्रोलचा भपकारा आला. चकतीच्या मागोमाग एक नळी आली, आणि नळीच्या बाजूनं एक लांब बारीक दांडी, तिच्या टोकाला पोकळ डबी. रोशनबीनं टाकीच्या तोंडावर ओलं फडकं घातलं, दांडी-डबी पुसली आणि ते सगळं घेऊन गाडीपासून लांब, ओट्यावर जाऊन बसली.

"हे काय?" गनीभाईंनी विचारलं.

"हीच तुमची खबर देनारी." तिनं डबी बोटानं उचलली. "पेट्रोलवर तरंगती. पेट्रोल वाढलं की ही वर, घटलं की खाली. ही हलली की दांडी हलती, आन् दांडीचं दुसरं टोक इथं तारेवर सरकतं. त्यावरनं पुढं काट्याला कळतं."

गनीभाई उकिडवे बसून बघत राहिले. करंगळीएवढी डबी. बंद टाकीत, काळोखात, ही होडीसारखी तरंगत होती. त्यांनी कितीदा बिऱ्हाडं नेली, वऱ्हाडं नेली, अडलेल्या बाया नेल्या. आणि सगळा वेळ त्यांच्या पाठीमागं ही वर-खाली होत होती, पेट्रोल किती उरलं ते सांगत. "सुभानअल्ला," ते पुटपुटले.

रोशनबीनं डबी वर नेली आणि सोडली. दांडी खाली आली, मध्यावर आली आणि थांबली. तिनं चकतीला टिचकी मारली. दांडी सुटून खाली पडली.

 तिनं पुन्हा डबी वर नेली, पुन्हा सोडली. पुन्हा तिथंच.

मग तिनं ते उन्हात धरलं आणि नळीच्या एका जागेवर नख ठेवलं. तिथं काळपट नळीवर केसाएवढा चकचकीत ओरखडा होता. "हितं घासती. टाकी साफ करून परत बसवताना दांडी जराशी वाकली असनार. बसवनाऱ्याच्या ध्यानात बी आलं नसंल."

गनीभाईंनी डोळे बारीक करून पाहिलं. तिनं दाखवल्याशिवाय त्यांना तो ओरखडा सात जन्मात दिसला नसता. एवढ्याशा ओरखड्यापायी काल एक लेकरू रस्त्यात जन्मलं असतं. 

रोशनबीनं दोन पकडी घेतल्या. एकीनं दांडी मुळाशी पक्की धरली, म्हणजे तारेकडच्या बाजूला ताण येणार नाही, आणि दुसरीनं तिला बाहेरच्या अंगाला वाकवलं. किती? गनीभाईंना तर ती हलल्याचंही दिसलं नाही. तिनं डबी सोडली. अजून जरा अडली. पुन्हा पकड, पुन्हा तेवढाच दाब. श्वास रोखून. या वेळी डबी वरून निघाली ती झुलत थेट खाली गेली. तिनं परत केलं. परत. डोळे मिटून केलं, नुसत्या बोटांना विचारून. मग काशिफचा वायरी तपासायचा जुना मीटर आणून दोन्ही टोकं लावली आणि डबी सावकाश वर-खाली नेली. आकडे न तुटता चढत-उतरत होते.

"झालं?" गनीभाईंनी विचारलं.

"बसवल्यावर कळंल."

चकतीखालचं रबर चिरलं होतं. गनीभाई गावातल्या स्पेअरच्या दुकानातून नवं घेऊन आले, येताना कॅनभर पेट्रोलही. ताटलीतले स्क्रू त्याच क्रमानं, समोरासमोरचे आलटून-पालटून, तिनं आवळले. वायर जोडली. पेट्रोलचा वास पार उडेपर्यंत थांबली. मगच बॅटरीची तार लावू दिली.

चावी फिरली. काटा तळाशी होता. टाकीत तेवढंच होतं, आणि काटा पहिल्यांदाच तेवढंच सांगत होता. गनीभाईंनी कॅनमधलं पेट्रोल ओतलं आणि धावत पुढं आले. काटा हळूहळू वर येत होता. ते दाराला धरून, वाकून, तो थांबेपर्यंत बघत राहिले. मागं रोशनबी साबणानं हात धूत होती. त्या हातांकडं ते बघत राहिले. शिरा उठलेले, सुईनं टोचलेले, एवढी वर्षं भाकरी वाढणारे हात. हे हात काय काय जाणतात याचा ठाव आपल्याला लागलाच नाही, असं त्यांना वाटलं, आणि कुणा बड्या माणसासमोर उभं राहावं तसे ते जरा अवघडून उभे राहिले.

"असं काय बघताय?" ती म्हणाली.

"काय न्हाई. टॉवेल देऊ?"

गाडी विकायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. गनीभाईंनी पंपावर टाकी भरली आणि रोजची कामं सुरू केली. पण आता रस्त्यापेक्षा काट्याकडंच लक्ष जास्त. शिंगणापूरला निघालेलं एक कुटुंब गाडीत असताना, घोडेगाव फाट्याच्या अलीकडं, काटा अर्ध्यावर आला. गनीभाईंचा पाय आपोआप हलका झाला. काटा अर्ध्यावर राहिला, राहिला, आणि मग एका सपाट, गुळगुळीत रस्त्यावर, कुठलाही हिसका न बसता, रेघेच्या खाली उतरला.

त्यांनी गाडी कडेला घेतली.

"काय झालं, काका?" मागून एकानं विचारलं.

"काय न्हाई. पेट्रोल कमी झालं," गनीभाई म्हणाले. पेट्रोल कमी झाल्याचा एवढा आनंद झालेला माणूस त्या लोकांनी पाहिला नसावा; ते एकमेकांकडं बघायला लागले. गनीभाईंनी खाली उतरून घरी फोन लावला. पलीकडं मशीनची घरघर ऐकू येत होती.

"रोशन, उतरला. अर्ध्याच्या खाली उतरला."

घरघर थांबली नाही. "मग पेट्रोल टाका की," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.