मागचे पाटे

मल्लेश्वरमच्या नरसिंहरावांनी आपल्या जुन्या मॉरिसला कधी मेस्त्रीचा हात लागू दिला नाही. गेल्या खंडेनवमीला शिवाजीनगरातून नवे पाटे, म्हणजे मागच्या चाकांवरच्या पोलादी कमानी आणून त्यांनी स्वतः अंगणात बसवल्या. धूळ-पाणी लागू नये म्हणून त्यांना एरंडेलात भिजवलेल्या चिंध्या गुंडाळल्या. चिंध्या कसल्या, वारलेल्या आईचं लाल काठाचं इरकली लुगडंच फाडलं होतं. त्यावरून बायको, वसुमती, कितीतरी दिवस धड बोलली नव्हती.

वर्षाच्या आत गाडी मागून बसली. रविवारी ते जॅक लावून खाली शिरले आणि थिजलेच. पाटे उघडेबोडके, गंजके, झिजून सपाट झालेले. चिंधी एकही नाही. हे त्यांचे पाटे नव्हतेच.

गाडी दुसऱ्याच्या हाती एकदाच गेली होती, थोरल्या भावाच्या, गुरुराजअण्णांच्या हाती, त्यांच्या मुलीच्या लग्नात.

अण्णा आत्ताही शेजारी स्टुलावर बसून धीर देत होते. "हल्ली लोखंडच तसलं येतं रे. सरी, ठीक आहे, बदलून टाक."

नरसिंहरावांनी पडल्यापडल्या मान वळवली. फाटकापाशी अण्णांची गाडी उभी होती, तीही मॉरिसच. तिच्या पोटाखाली, मागच्या पाट्यांवर, तेलानं काळवंडलेला लाल काठ दिसत होता.

ते गाडीखालून बाहेर सरकले. मग म्हणाले, "अण्णा, तुमची गाडी कशी चालते?"

"काय सांगू तुला, आईच्या मांडीवर बसल्यागत वाटतं."