वाटी छताकडे, पाऊल बाहेर

भूत, देवचार, करणी... असल्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर तोंडावर हसत आलेय. मी मूळची हळर्णची, हाडांची डॉक्टर, डिचोलीत प्रॅक्टिस. हे वाचून आता तुम्ही मला हसा, चालेल!

चंदू खाणीवर टिपर चालवायचा. टिपर उलटला आणि त्याची उजवी मांडी मोडली. आल्यापासून एकच धोशा — "दोतोरबाय, शिगम्याक म्हाका नाचूक मेळतला मां?" कमरेला लाकडी घोडा बांधून, हातात तलवार घेऊन ढोलावर नाचायची घोडेमोडनी, गावात पहिला मान याचा. त्याचा थोरला भाऊ पुंडू जन्मापासून उजवं पाऊल बाहेर फेकत चालायचा. त्यालाही एकदा नाचायचं होतं. तेव्हा चंदू अख्ख्या गावासमोर म्हणाला, "लंगडो घोडो कोणाक जाय?" लंगडा घोडा हवाय कुणाला! पुढे पुंडू दर शिगम्याला मांडाच्या, म्हणजे नाचाच्या पटांगणाच्या, कडेला बसून राहिला, आणि तसाच तापाने गेला. हे मला त्यांच्याच गावच्या नर्सने सांगितलं — हसत हसत!

मांडीच्या हाडात सळी घातली की खालचे स्क्रू मारण्याआधी हाडाचा पीळ जुळवावा लागतो, नाहीतर पाय जन्माचा वाकडा. गुडघ्याची वाटी छताकडे धरायची. मग खुब्याजवळचा छोटा उंचवटा स्क्रीनवर चांगल्या पायात जेवढा डोकावतो, तेवढाच मोडलेल्या पायातही डोकावला पाहिजे. मी जुळवलं, पुन्हा बघितलं. तंतोतंत! मगच स्क्रू मारले.

वॉर्डात चंदूला उभा केला, तर पाऊल बाहेर. वॉकर धरून तो जरासा चालला... कॉटपाशी उभी असलेली त्याची आई म्हणाली, "पुंडू आयलो."

माझं डोकंच फिरलं. "काय बोलताय मावशी? चूक माझी असेल, मी दुरुस्त करीन!"

लगेच सीटी काढला. दोन्ही मांड्यांचा पीळ सारखा. खुबा मोकळा, नडगी सरळ. उघडून फिरवणार काय, कपाळ? चंदू माझा हात धरून रडत होता, "बाय, परत काप, पण सरळ कर गे." म्हापशाच्या डॉक्टरांनाही फिल्म दाखवल्या. म्हणाले, उत्तम काम झालंय.

शिगम्याला मी मुद्दाम गेले. चंदू मांडाच्या कडेला, खुर्चीवर. लोक त्याच्या चालीची नक्कल करून खिदळत होते. आई शेजारी बसून शांतपणे चणे खात होती. मला म्हणाली, "ऑपरेशनाच्या सकाळी देवळात गाऱ्हाणा घातलंय. म्हटलंय, ह्येका जिवंत ठेव, पाय मात पुंडूचो दी."

"आई ना तुम्ही त्याची?" मी ओरडलेच.

"आवय म्हणूनच गे बाय. म्हाका दोगूय सारके."

दोन्ही मांड्यांच्या त्या फिल्म आजही माझ्याकडे आहेत. अजून काढून बघते — जुळतात! गाऱ्हाण्याने हाड फिरतं हे मी मेले तरी मानणार नाही, आणि दुसरं कारण मला सापडलेलं नाही. दर शिगम्याआधी चंदू येतो, नवीन मशीन आलं का विचारतो. त्याची आईच त्याला हात धरून आणते.