मुरबाडच्या डोंगरावरचं तीर्थ

शाळेच्या कपाटावर एक पार्सल बारा वर्षं पडून आहे. त्यात काय आहे ते मी आजवर एकाही माणसाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, नणंदेला नाही, शाळा झाडणाऱ्या गंगूलाही नाही. ती दर दिवाळीला विचारते, "बाय, ह्यात लोनचं तर नाय ना? मुंग्या येतील." मी सांगते, जुन्या वह्या आहेत.

वह्या नाहीत. शिखांच्या ग्रंथाचा अर्थ उलगडणारी टीका आहे, चार भाग. आणि एक शब्दकोश.

तुम्ही म्हणाल, शहापूरच्या मुलींच्या शाळेत याचं काय काम? सांगते. पण आधी हे ऐका, की मला भयंकर राग येतो. कुणाकुणाचा, तेही येईल.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. कसाऱ्याला रेल्वेच्या घाटकामावर एक पंजाबी मिस्त्री होता. त्याची बायको हरनाम कौर. उंच, हाडापेराने मजबूत, माझ्याच वयाची. ती दर शनिवारी आसनगावला उतरून चालत शाळेत यायची. कशाला? तर त्यांच्या ग्रंथात आपल्या मुलखातल्या एका संताची पदं आहेत. ती रोज वाचायची, तोंडपाठ होती, पण बरेच शब्द कळायचे नाहीत. गावी तिचा दीर ग्रंथ वाचून अर्थ सांगायचा. हिने विचारलं की म्हणायचा, बायकांनी पाठ करावा, अर्थाचं आम्ही बघू. एकदा चिडून ही सगळ्यांसमोर म्हणाली होती, मी त्या संताच्या देशात राहते, अर्थ तिथूनच घेऊन येईन.

मला तो दीर न बघताच आवडेनासा झाला. कारण तसले आमच्याकडेही होते. मी मुरबाडच्या वाचनालयात त्या संताची सटीक पदं मागायला गेले — सासर मुरबाडचं, तिथे मला ओळखत होते. चिटणीस काचेच्या कपाटाला पाठ लावून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, ते जाड पुस्तक तुम्हाला काय करायचंय? पाककृतीचं नवीन आलंय, न्या." किल्ली त्यांच्या जानव्याला होती. दोनदा मागितलं, दोनदा हसले. मी रिकाम्या हाताने परत आले आणि रस्ताभर धुमसत होते.

शनिवारी हरनाम वही उघडून बसली. मी काय सांगायला हवं होतं? — पुस्तक मिळालं नाही, मला येत नाही. एवढंच. पण मास्तरीण असं म्हणत नाही. अडलं तर दामटून सांगायचं, मुली लिहून घेतात, कुणी तपासत नाही. हे मी वर्षानुवर्षं केलं होतं. तिच्याबरोबरही केलं. जो शब्द येत होता तो सांगितला, जो येत नव्हता तो बनवला. एका पदातला एक शब्द काही केल्या लागेना, म्हणून म्हटलं, हे तीर्थाचं नाव आहे. आमच्याकडे आहे, मुरबाडच्या बाजूला.

तिचे डोळे चमकले. "बहनजी, आप गये हो?"

"लहानपणी," मी म्हटलं.

चिटणिसांनी पुस्तक दिलं नाही हे खरं. पण खोटं बोल असं त्यांनी सांगितलं नव्हतं.

हरनामला तेवढ्याने भागेना. ती म्हणाली, पंजाबीत टीका आणि कोश असतात, ते मागवू. तुमचा अर्थ आणि तिथला अर्थ शेजारी शेजारी लिहू. मुंबईच्या एका गुरुद्वाऱ्याला पत्र लिहायचं ठरलं. तिचं बिऱ्हाड कधी कसाऱ्याला, कधी उंबरमाळीकडे कामाच्या जागी, म्हणून पत्ता शाळेचा दिला. पत्र मीच लिहिलं. नाही कसं म्हणणार? एवढ्या काळात तिने मला तिची अक्षरंही शिकवली होती. बोट धरून, चुकलं की टपली मारून, हसत.

महिन्याभरात पार्सल आलं. जाड कापडात शिवलेलं. सोबत तिथे ग्रंथ वाचणाऱ्या एका म्हाताऱ्याची हिंदी चिठ्ठी : माझे डोळे गेले, माझा संच पाठवतो, वाचून झाल्यावर दुसऱ्या गरजवंताला द्यावा.

एका कडेची शिवण उसवून मी कोश बाहेर काढला. ते पान शोधलं. तीर्थ नव्हतंच तिथे. साधा शब्द होता, आणि सबंध पदाचा अर्थच असा, की देवासाठी कुठल्या तीर्थाला जाऊ नका.

कोश परत आत घातला, शिवण घातली, पार्सल कपाटावर ठेवलं. हरनाम म्हणायची, अशी पुस्तकं डोक्याच्या वर असावीत, पायांजवळ नकोत. तो नियम मी पाळला. बघा माझी श्रद्धा!

शनिवारी तिने विचारलं. मी म्हटलं, पत्राचं उत्तर आलं नाही. पुढच्या शनिवारी विचारलं. उत्तर नाही. नऊ-दहा शनिवार झाले असतील. शेवटी तीच म्हणाली, "जाने दो. आप हो न."

मिस्त्रीचं काम संपलं, ती दोघं गावी गेली. पाच-सहा महिन्यांनी तिचं पत्र आलं. तिने गुरुद्वाऱ्यात जमलेल्या भरल्या संगतीत उठून पदाचा अर्थ सांगितला होता. माझा अर्थ. दिराने टीका उघडून वाचली, आणि सगळे हसले — तीर्थाला जाऊ नका म्हणणाऱ्या पदात हिने तीर्थ उभं केलं! तिने सांगितलं, माझी बहनजी शाळेत शिकवते, ती चुकायची नाही. आता बहनजी, एवढं लिहून पाठवा की ती जागा कुठे आहे.

अजून वेळ होता, नाही का? एक कार्ड पुरलं असतं. चूक माझी, तिची नाही. तो दीर तिच्यावर हसला म्हणून माझं अंग पेटलं होतं. आणि त्याच संतापात मी शाळेच्या छापील कागदावर लिहिलं, की जागा आहे. मुरबाडपासून दोन तासांची चाल, डोंगरावर. खाली सही, शाळेचा शिक्का. दिराचं तोंड बंद करायला लिहिलं असं तेव्हा स्वतःला सांगितलं. खोटं. माझं नाव राखायला लिहिलं.

पुढच्या थंडीत मुरबाडला नणंदेकडे गेले होते. वाल सोलत बसलो होतो. ती म्हणाली, "वहिनी, गंमत ऐक गो. परवा तीन पंजाबिणी आल्या होत्या. एक उंच, तिला मराठी येत होतं. हातात कागद. डोंगरावरचं तीर्थ विचारत होत्या. दोन दिवस हिंडल्या. पोरं कुठल्या कुठल्या टेकाडावर पाठवायची त्यांना, आणि हसायची. कुणी धाडलं असेल ग त्यांना?"

"काय माहीत," मी म्हटलं, आणि वाल सोलत राहिले.

हरनामने साक्षीला आपल्या गावच्या दोघी आणल्या होत्या. माझा कागद खरा ठरवायला.

तिचं पत्र पुन्हा आलं नाही. मीही लिहिलं नाही. पुढे देश तुटला. तिचं गाव हद्दीच्या कुठल्या बाजूला पडलं, मला माहीत नाही. कल्याणच्या छावणीत निर्वासित आले, त्यांच्यातही हरनामचा तो ग्रंथ वाचणारे आहेत म्हणतात. पार्सल तिथे नेऊन द्यायला अर्धा दिवस लागतो. तेही अजून केलेलं नाही.

त्या बायका पंजाबातून आल्या आणि गेल्या, ते आसनगावावरूनच. लांबची गाडी तिथे थांबत नाही, पण कल्याणला बदलून मागे येता येतं. हरनामला तो रस्ता पाठ होता. शाळा ठाऊक होती, माझी बसायची जागा ठाऊक होती. दोन दिवस ती डोंगर हिंडली आणि मला जाब विचारायला आली नाही.

आली असती, तर मी तिला सांगितलं असतं की तुम्ही चुकीचा डोंगर चढलात.

मी मला ओळखते.