खालाजान आणि निळा मफलर

ट्रंक उघडली की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि तळाशी तो निळा, हातभरच विणलेला मफलर दिसतो. आज तो हातात घेतला आणि मी थेट हैदराबादला, बरकतपुऱ्यात, शेजारच्या खालाजानच्या ओसरीवर जाऊन बसले.

हैदराबाद राज्याची वाटणी झाली होती. सरकारी नोकरीतल्या बाबांचं नाव मुंबईकडे लागलं होतं. हुकूम आला की निघायचं. मी मात्र खालाजानकडून विणकाम शिकत होते. "बाबांचा मफलर पुरा झाल्याशिवाय मी येणारच नाही," असं मी घरात ठणकावलं होतं. खालाजाननाही कौतुकाने सांगितलं.

तेव्हापासून माझ्या चुका वाढल्या. रोज संध्याकाळी त्या विणलेलं डोळ्यांजवळ नेत आणि मला लाडाने म्हणत, "एक टाका गिर गया अम्मा, खोल देव." दिवसभराचं काम सर्रकन उसवलं जाई. मी रडकुंडीला आले की पानदानातली बडीशेप माझ्या हातावर ठेवत. "इत्ती जल्दी कायकू? कल बुनेंगे."

हुकूम आला. टांगा दारात उभा असतानाही त्यांनी मफलर हातात घेतला. "गलत है अम्मा, खोल देव." या वेळी मी ऐकलं नाही. तो हिसकावून घेतला आणि रागारागाने टांग्यात चढले.

पुढे मी कितीजणींना विणायला शिकवलं, पण तो मफलर कधी तपासला नव्हता. आज खिडकीच्या उजेडात, चष्मा लावून, एकेक ओळ बोटाने चाचपत गेले.

एकही टाका सुटलेला नाही.